निनावी देणगी

"चहापाण्यात वेळ घालवू नका. कामाचं बोला," मालकीणबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या.

वर्गणीबाईंनी पिशवीतून फोटो काढला. त्या निवृत्त शिक्षिका. आदिवासी मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी गावभर हात पसरत हिंडायच्या, म्हणून हे नाव पडलं होतं. त्या येताना दिसल्या की भलेभले दुकानदार गल्ल्यावरून उठून मागच्या दारानं सटकत. पण या बंगल्याची पायरी त्यांनीही कधी चढली नव्हती. इथून कुणाला फुटकी कवडी मिळत नाही, हे जगजाहीर होतं. आज सोबत आलेल्या आजीनंच हट्ट धरला होता. "सगळीकडे फिरून झालं ना? मग एकदा तिथंही जाऊ."

आजी दाराजवळ जमिनीवरच टेकली होती. सोफ्यावर बसा, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"ही यांची नात," वर्गणीबाई म्हणाल्या. "डॉक्टरकीला नंबर लागलाय. डोंगरातल्या त्यांच्या वस्तीवरची पहिलीच. या आठवड्यात फी भरली नाही तर जागा हातची जाईल."

मालकीणबाईंनी फोटो घेतला. बराच वेळ पाहत राहिल्या.

"बाप काय करतो हिचा?"

वर्गणीबाई तोंड उघडणार, तोच आजी खालमानेनं म्हणाली, "गेला. गेल्या उन्हाळ्यात. लाकडाचा ओंडका अंगावर आला."

"दवाखान्यात नाही नेलं?"

"नेलं की. वाटेतच गेला. दवाखाना लांब."

मालकीणबाई खिडकीकडे वळल्या आणि पडदा सारखा करू लागल्या. पडदा सारखाच होता.

आतून मालक आले, हातात गाडीची किल्ली फिरवत. "कोण आलंय?"

"कुणी नाही. वर्गणीवाले." मालकीणबाईंचा आवाज एकदम चढला. "यांना कितीही शिकवा, शेवटी जाणार डोंगरातच! पोरं काढायची आणि लोकांच्या दारात येऊन बसायचं. लाज कशी वाटत नाही, म्हणते मी!"

मालक हसले. "काहीतरी देऊन वाटेला लाव. सकाळी सकाळी कटकट नको." आणि ते निघून गेले.

वर्गणीबाईंचे कान तापले. आजवर नकार पुष्कळ पचवले होते, पण हे फार झालं. त्या उठल्या. "चला आजी. इथं आणखी एक क्षण बसायचं नाही."

आजी जागची हलली नाही.

बाहेर गाडी सुरू झाली, फाटकाबाहेर पडली. तिचा आवाज पार विरेपर्यंत मालकीणबाई तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि रुमालाची एक पुरचुंडी घेऊन आल्या. त्यांची दोन्ही मनगटं आता मोकळी होती.

"या पाटल्या मोडा. फी भागेल, शेवटच्या वर्षापर्यंत. माझं नाव कुठं येता कामा नये." पुरचुंडी त्यांनी वर्गणीबाईंच्या हातात कोंबली. आजीकडे बघितलंही नाही. "आणि पुन्हा या दारात पाऊल ठेवायचं नाही. दोघींनीही. त्या मुलीला सांगा, एकदा बाहेर पडलीस की मागे वळून बघू नकोस."

दार लागलं.

रस्त्यावर आल्यावर वर्गणीबाईंना आनंद करावा की संताप, तेच कळेना. पुरचुंडी पिशवीच्या तळाशी घालून त्यांनी पिशवी छातीशी धरली.

"एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं थोबाडायचं! ही कसली दानत? आणि तुमची कमाल आहे आजी. एवढं वाट्टेल ते बोलली, तुम्ही चकार शब्द काढला नाहीत."

आजी पुढं बघत सावकाश चालत होती.

"तिचं काय मनावर घ्यायचं, बाई," ती म्हणाली. "पोटात होती तेव्हाही लाथाच मारायची."