सात एकोणीसची सावली

भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत दोनशे माणसं माना वर करून उभी होती आणि हेडमास्तर काशीराम सर येरझारा घालत होते. सात वाजून बारा मिनिटं झाली होती. शाळेला मिळालेला संगणक काही कामाचा आहे हे आज दिसलं नाही, तर उद्या शिक्षण खातं तो चिपळूणला हलवणार होतं. तो मिळवायला सरांनी मुंबईला अकरा खेपा घातल्या होत्या.

"सर, आज तरी येनार ना ओ ता?" शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवाल्या भागोजीने मागून विचारलं.

टोमणा रास्त होता. गणिताच्या मथुराबाईंनी सोमवारी छातीठोकपणे सांगितलं होतं, रशियाचं अवकाशस्थानक आज रत्नागिरीवरून जात नाही. त्याच संध्याकाळी ते सगळ्यांच्या डोक्यावरून थाटात गेलं. चूक बाईंनीच शोधली. हिशेबाची रीत अशी: यान कुठे असेल ते दहा-दहा मिनिटांच्या पावलांनी काढत जायचं आणि दर पावलाला बघायचं, क्षितिजाच्या खाली की वर. सोमवारी ते दोन पावलांच्या मधेच उगवून मावळलं होतं.

"एकेका मिनिटाने काढायला काय झालं होतं?" सर तेव्हा उखडले होते. "यंत्राला कसला आलाय कंटाळा?"

बाई नुसत्या हसल्या होत्या. त्यानंतर चार दिवस संगणकाच्या खोलीला आतून कडी होती, आणि बाईंना कोणी हाक मारायची नाही, अशी सरांची सक्त ताकीद होती.

"आज काय म्हणतोय संगणक?" सरांनी हळूच विचारलं.

"गणित पक्कं आहे, सर. सात चौदाला समुद्रावर दिसेल. सात एकोणीसला पृथ्वीच्या सावलीत शिरेल आणि त्या माडांवर विझेल." बाईंचे डोळे तारवटले होते, बोटं शाईने माखली होती, पण आवाज ठाम होता.

सात चौदाला नैर्ऋत्येकडे एक ठिपका उजळला. बघता बघता तो झळझळीत होत वर चढला. दिसणं काय, एखाद्या वेळी योगायोगानेही जमतं. खरी परीक्षा विझण्याची होती. सरांची नजर घड्याळावरून आभाळाकडे आणि आभाळावरून घड्याळाकडे धावत होती. सात अठरा. सात एकोणीस. माडांच्या शेंड्यांवर, निरभ्र आभाळात, तो उजेड तांबूस झाला आणि गेला.

मग टाळ्या, शिट्ट्या, एकच कल्ला.

"मानला ओ तुमच्या मशीनला," भागोजीने सरांचा हात गदगदा हलवला. सरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"मथुराबाई, सकाळीच खात्याला पत्र लिहितो. असं यंत्र उभ्या जिल्ह्यात नाही."

"जरूर लिहा, सर," बाई म्हणाल्या. "त्यातच एक ओळ घाला, दुरुस्तीला माणूस पाठवा म्हणून. दिवाळीपासून संगणक चालूच होत नाहीये."