सुतळीच्या मापाचं टेबल

“सात फुटी टेबल आरामात बसेल,” शेफाली टेप गुंडाळत म्हणाली. “एवढी मोठी जागा आहे. उगाच लहान कशाला?”

रतनबाईंनी कमरेला खोचलेली सुतळी काढून तिच्यापुढे धरली. दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या होत्या.

“ह्याच्यापेक्षा बोटभर जास्त नको.”

शेफालीनं सुतळी मोजली. साडेचार फूट. भोरमधल्या नव्या घरांची आतली सजावट ती करून द्यायची. पण टेबलाचं माप सुतळीवर आणणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

“माप कुठून आणलंत, आजी?”

“सांगत नाहीत,” ओट्यापाशी उभी असलेली सून अश्विनी म्हणाली. “परवा सकाळची एसटी धरून कुठंतरी गेल्या. आल्या त्या ही सुतळी घेऊन. चपला चिखलानं भरलेल्या. भर चैत्रात चिखल!”

“तू चपात्या बघ, करपतील,” रतनबाई म्हणाल्या.

रतनबाईंच्या मुलानं, अमृतनं, हे घर हौसेनं बांधलं होतं. स्वयंपाकघर आणि बैठकीमधली भिंत ठेवलीच नव्हती. जेवायच्या जागेवर छतातून तीन दिवे सोडायचे, मागची भिंत फिकट हिरवी करायची, हे अश्विनीनं मोबाईलवर शंभर चित्रं बघून ठरवलं होतं. सासूबाईंनी त्यातल्या एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. फक्त टेबल माझ्या मनासारखं, एवढंच त्यांचं म्हणणं.

“वर संगमरवर टाकू,” शेफाली म्हणाली. “हळदीचे डाग पडत नाहीत.”

“दगड नको. उचलता आलं पायजे. पाय पेचाचे करा, काढता येतील असे.”

“उचलून न्यायचंय कुठं?”

“झाडाय-पुसाय नको का? आन एका अंगाचे पाय वरखाली करता आले पायजेत. जमीन तिकडं उतरती हाय.”

शेफालीनं नव्याकोऱ्या फरशीवर लेव्हल ठेवली. काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. “बघा आजी, कुठं उतरती आहे?”

रतनबाईंनी बघितलंच नाही. “करा तुमी.”

म्हाताऱ्या डोळ्यांशी वाद नको म्हणून शेफालीनं लिहून घेतलं. “खुर्च्या किती?”

“सुनबाईला हव्यात तेवढ्या. मला दोन.”

चहा घेताना अश्विनीनं दोनाचं कारण सांगितलं. दुसरी खुर्ची बाळाबाईंची. रतनबाईंची थोरली जाऊ. गाव धरणात गेलं तेव्हा धाकटा भाऊ, म्हणजे रतनबाईंचा नवरा, भोरला आला, थोरला खाली फलटणकडं गेला.

“त्या इथं तीनदा आल्या, पण घास घेतला नाही. वास्तुशांतीला अख्खी पंगत बसलेली. आत्याबाईंनी हात धरला तर म्हणाल्या, ‘रतन, आपल्या घरात वाढ, मग जेवीन.’ चारचौघांत! म्हणजे हे काय परक्याचं घर?”

“टोमणा न्हाई त्यो,” रतनबाई म्हणाल्या.

“मग काय हो, आत्याबाई?”

रतनबाईंनी कप खाली ठेवला. “आमी दोघी नेमी मागनं जेवायचो. सगळ्यांचं झालं की एका ताटात. निघायच्या दिवशी बी ताट वाढलं, आन ट्रकवाल्यानं हॉर्न मारला. बाळाबाईंनी ताटावर ताट झाकलं. म्हणल्या, चल, जेवू मागनं.” त्यांनी सुतळीची गाठ ओढून घट्ट केली. “आमचं जेवायचं ऱ्हायलंय, बाई. औंदा जमलं तर जमलं. त्यांच्या छातीत दुखून गेलं दिवाळीत. गुडघे तर दोघींचेबी गेले, खाली बसता येत न्हाई. म्हणून ह्ये टेबल. पाऊस लागायच्या आत करा.”

शेफालीला वाटलं, ही खोली नुसती सुंदर होऊन भागणार नाही.

“जुन्या घरासारखं काही करू का? म्हणजे त्यांना आपलं वाटेल.”

रतनबाई एकदम हसल्या. “दार ठेंगणं करा मग! त्या लई उंच. लगीन होऊन आल्या त्याच दिवशी चौकटीवर कपाळ आपटलं. एवढं टेंगूळ! म्या आल्यावर मला पयली गोष्ट कंची शिकवली, तर डोकं वाकवून आत ये. मी आपली बुटकी, मला काय लागतंय? पण त्या वाकायच्या म्हणून म्या बी वाकायची.”

ठेंगणं दार काही शेफालीला करता येणार नव्हतं. तिथं सात फुटी कमान आधीच झाली होती.

मे महिना निम्मा सरला आणि खोली तयार झाली. हिरवी भिंत, तीन दिवे, सागवानी टेबल. शेफालीनं चारी बाजूंनी फोटो काढले. पुढच्या आठवड्यात अश्विनीचा फोन आला. बाळाबाई यायला तयार झाल्या होत्या. दुपारी तुम्हीही जेवायलाच या.

शेफाली मोगऱ्याचे दोन गजरे घेऊन गेली. दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं, तर तिन्ही दिवे रिकाम्या फरशीवर लोंबत होते. टेबल नव्हतं.

तिनं अमृतला फोन लावला.

“मॅडम, आईनं सकाळी अचानक टेबल टेम्पोत चढवायला लावलं. आम्ही सगळे इकडं आलोय. हिर्डोशीच्या रस्त्याला या. टेम्पो उभा दिसेल, तिथं थांबा.”

टेम्पोपासून खाली धरणाचं पोट उघडं पडलं होतं. पाणी लांब, तळाला गेलेलं. भेगाळलेल्या गाळात एका घराच्या जोत्याचे दगड वर आले होते. आत चुलीचे दगड, समोर खांबाखालचा दगड, उथळा, आणि त्या दोहोंच्या मधे, बोटभरही जास्त न होता, शेफालीचं टेबल बसलं होतं. उतरत्या अंगाचे पेच पार शेवटापर्यंत फिरवलेले. दोन खुर्च्या, एक ताट. रतनबाई वाढत होत्या. उतारावरून अमृत बाळाबाईंना धरून आणत होता. जोत्यापाशी त्यांनी त्याचा हात सोडला, चपला काढल्या, आणि उघड्या आभाळाखाली डोकं वाकवून त्या आत आल्या.