मावंद्याचा गडू

कैयाचं टोक पुन्हा काळं पडलं. नबीनं ते निखाऱ्यांतून बाहेर काढलं, हताशपणे शालिकरामला दाखवलं आणि कानस हातात घेतली.

"पुन्हा?" शालिकराम ओरडला. "चाचा, मायचा जीव घशाशी आला अन् तुमी घासूनच राह्यले!"

ओसरीवर त्याची आई जयवंता घोंगडीवर पडली होती. सकाळपासून तिचं एकच मागणं चाललं होतं, "त्यायचा गडू उघडा." म्हणजे नवऱ्यानं काशीहून आणलेला गंगेचा गडू. तांब्याचा, मुठीएवढा, तोंडाला डाखाचा, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा, पक्का बंद. शालिकरामनं तुळशीचं पान आणून ठेवलं होतं आणि बाजारातून टीनवाल्या गुलाम नबीला शेगडीसकट उचलून आणलं होतं.

डाख उघडायचा तर कैया लागतो. लाकडी मुठीची सळई आणि पुढं तांब्याचा ठोकळा. तापवून टेकवला की डाख वितळतो. मात्र ठोकळ्याच्या टोकावर कथलाची कलई पाहिजे. ती जळून टोक काळं पडलं, की कैया कितीही तापलेला असो, डाख ढिम्म हलत नाही. आणि कलई जाळायची सर्वांत सोपी रीत म्हणजे टोक गरजेपेक्षा जास्त तापवणं. पिढ्यान्‌पिढ्या वांगी पिकवणाऱ्या शालिकरामला हे कुठून ठाऊक असणार? त्याच्या हिशेबी जितकं लाल तितकं चांगलं. तो बिचारा स्वतःच शेगडीला वारा घालत होता, आणि नबी त्याला घालू देत होता.

कारण नबीला तो गडू उघडायचा नव्हता.

जयवंताचा नवरा पुंजाराम एकटाच काशीला निघाला होता. खंडव्याच्या धर्मशाळेत तापानं आडवा झाला. उठला तेव्हा पुढं जायचा धीर उरला नव्हता. इकडे अकोल्यात मावंद्याची धांदल. काशी करून आलेल्याच्या नावानं पंगत उठणार, पाव्हणे जमलेले, वाजंत्री ठरलेली. पुंजाराम गाडीतून उतरला, तो घरी गेलाच नाही. खंडव्याच्या बाजारात घेतलेला गडू त्यानं मोर्णा नदीत बुडवला आणि नबीच्या दुकानात येऊन ढसाढसा रडला. "याचं तोंड बंद कर, नबी," म्हणाला. नबीनं गडूचं तोंड बंद केलं, सोबत आपलंही.

मावंदं झकास झालं. लोक पुंजारामच्या पाया पडले, त्याला मान वर करता येईना. पुढं तो एका सकाळी मळ्यातच गेला, पाणी पाजायलाही कोणी जवळ नव्हतं. गडू देवघरात तसाच राहिला.

आता नबीनं करावं तरी काय? गडू उघडला, तर जन्मभर भरवसा ठेवून बसलेल्या बाईच्या तोंडात त्याच्याच हातानं नदीचं पाणी पडणार. खरं सांगितलं, तर मेलेल्या दोस्ताची अब्रू त्याच्याच अंगणात मातीला मिळणार. दुसरा गडू आणावा म्हटलं, तर लढाईचे दिवस. गाड्या सोल्जरांनी भरलेल्या, काशीला जातंय कोण? नबीला काहीएक सुचत नव्हतं. हात तेवढे आपलं काम करत होते.

त्यानं कानशीनं टोक घासलं. आतलं लाल तांबं उघडं पडलं. मग ते नवसागराच्या खड्यावर फिरवलं. पांढरा धूर उठला आणि थेट डोळ्यांत गेला. बरंच झालं, डोळे पुसायला निमित्त मिळालं. कथील लावताच टोक चांदीसारखं चकाकलं. मलायाचं कथील लढाईनं बंद झालेलं, डबीत उरलेला तुकडा नखाएवढा. तोही या खेपेला संपला. तरी त्यानं कैया पुन्हा निखाऱ्यांत खुपसला.

शालिकरामनं हातातला पंखा फेकला. "आता काळं पडलं तं मी दगडानंच फोडतो गडू!"

"फोडशील तं पानी सांडते, बापू," नबी घाबरून म्हणाला. "जा, घरातून ओलं फडकं आण. टोक पुसाले लागते."

शालिकराम धावत आत गेला. नबीनं कैया बाहेर काढला. या खेपेला टोक अजून पांढरंच होतं. आता सबब उरली नव्हती, कथीलही उरलं नव्हतं. "या अल्ला," तो पुटपुटला, "मले कावून बलावलं इथं?"

तेवढ्यात जयवंतानं हाताची बोटं हलवली. नबी ओसरीशी गेला. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. त्यानं वाकून कान जवळ नेला.

"कावून जीव जाळून राह्यले, नबीभाऊ? उघडा तो. त्यायनं गडू बुडवला, तवा मी मोर्णेवरच धुणं धूत व्हती."