बंद बटन

चन्नव्वाचा उजवा हात कोपरापर्यंत कडबाकुट्टीत गेला, तेव्हा मशीनचं बटन बंद होतं. अडकलेला कडबा काढायला तिनं हात घातला आणि पातं आपोआप फिरलं. तीन महिन्यांनी नवरा बसलिंगप्पा तिला घेऊन मंठाळहून बिदरला वकीलबाईंकडे आला.

वकीलबाईंनी सगळं नीट लिहून घेतलं. "दोष मशीनमध्येच आहे. कंपनीवर केस नक्की उभी राहील. मशीन कुठं आहे आता?"

"विकलो की मॅडम. ती दिसली की ही थरथर कापायलती. बसवकल्याणच्या बाजारात एकानं नेली. त्येचं नाव-गाव ठावं न्हाई."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मशीनच नसेल, तर दोष दाखवायचा कशात? तोच तर एक पुरावा होता."

बसलिंगप्पानं मान खाली घातली. इतका वेळ गप्प बसलेली चन्नव्वा तेव्हा पहिल्यांदा बोलली, "घेणाऱ्याला सांगितलाव का, ती आपोआप फिरती म्हणून?"

तो हळूच म्हणाला, "सांगितलो असतो, तर कोण घेतलं असतं?"