जुळणारी वीट

काकूंचं मागणं एवढंच होतं, की घरामागे एक काचेची खोली असावी आणि तिथे बसून दुखऱ्या गुडघ्यांना देवाचं ऊन मिळावं. काका लगेच म्हणाले, "बांधू की! पण काचेखालची भिंत आपल्या घराच्या विटांशी तंतोतंत जुळली पाहिजे. ठिगळ दिसलेलं मला चालायचं नाही."

आता विटेचा रंग तोंडाने कसा सांगायचा? काकांनी मागच्या भिंतीतली गुडघ्याएवढ्या उंचीवरची एक वीट छिन्नीने अलगद काढली आणि तान्हं बाळ न्यावं तशी फडक्यात गुंडाळून दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "ठेवून जा साहेब, भट्टीवर दाखवून कळवतो." काका ठेवून आले. पुढचा दुकानदारही तेच म्हणाला, त्याच्या पुढचाही तेच. काकांना कुणाला नाही म्हणवेना. प्रत्येक नव्या दुकानासाठी ते घरी येऊन शेजारची आणखी एक वीट काढत.

"अहो, पुरे की आता!" काकू कळवळून म्हणायच्या.

"अगं, एकच दुकान राहिलंय. घाई केली तर जन्मभर डोळ्यांत सलेल."

अखेर एका सकाळी काका धावतच घरात शिरले. "मिळाली गं, मिळाली! अगदी जुळी बहीण! उद्यापासून खोलीचं काम सुरू!"

 

भिंतीच्या भगदाडापुढे खुर्ची टाकून, गुडघ्यांवर ऊन घेत बसलेल्या काकू डोळे न उघडताच म्हणाल्या, "खोली राहू द्या हो, इथेच एक काच बसवून टाका!"