हत्तिणीची माळ

सोंडेत माळ घेतलेली हत्तीण सेनापतीला ओलांडून पुढं निघाली, तशी माहुताची बायको नागव्वा चरकली.

राजा लढाईत पडला होता, मागं वारस नव्हता. रिवाजाप्रमाणे हत्तीण माळ घालेल तो नवा राजा. सेनापतीच्या धाकानं तिच्या नवऱ्यानं हत्तिणीला महिनाभर सेनापतीसमोर गूळ चारून पढवलं होतं.

पण हत्तिणीनं माळ टाकली ती नागव्वाच्या कडेवरच्या, रोज सोंडेशी खेळणाऱ्या वर्षभराच्या लेकाच्या गळ्यात.

"अहो, काढा ना ती," ती कशीबशी म्हणाली. जयजयकारात वर बसलेल्या नवऱ्याला ते ऐकूही गेलं नाही.

सेनापती हसत आला, तिच्यापुढं वाकला. "राजमाता, महाराजांना द्या इकडं. आता त्यांना मीच सांभाळणार."

तिनं मिठी घट्ट केली. पण सेनापतीच्या कानातली कुंडलं दिसताच पोरानं खिदळत त्याच्याकडे झेप घेतली.