कोवळा घड

“थांबा, धर्मेंद्र सर. ये फोटो जरा मोठा करा,” योगेंद्र म्हणाला.

भिंतीवरच्या पडद्यावर केळीच्या बागेतून एक माणूस खांद्यावर घड घेऊन येत होता. मागून उतरतं ऊन, चेहरा अर्धा सावलीत, नजर पायाखालच्या वाटेवर. शनवारा भागातल्या छायाचित्रण मंडळाच्या त्या खोलीत क्षणभर कोणीच बोललं नव्हतं, आणि त्या शांततेमुळेच तृप्तीला आपला फोटो पहिला येणार असं वाटू लागलं होतं. स्टुडिओतर्फे ती इतरांच्या लग्नांचे फोटो काढत असे. स्वतःच्या नावाने स्पर्धेत दिलेला हा पहिलाच. ‘सहज क्षण’ या गटातला पहिला फोटो इंदूरच्या प्रदर्शनात लागणार होता. बाकीच्या गटांचे फोटो इथेच राहणार होते.

फोटोतला माणूस मागच्या रांगेत बसला होता. लीलाधर, तिचे वडील. निकाल ऐकायला ते गावाहून, दापोऱ्याहून मुद्दाम आले होते.

परीक्षक धर्मेंद्र सरांनी फोटो वाढवला. पडद्यावर आता फक्त घड उरला.

“पाहा, केळांच्या धारा, या कडा, कशा टोकदार दिसतात. भरलेलंच नाही अजून.” योगेंद्रच्या घरी केळीचा व्यापार होता, आणि या गटात त्याचाही एक फोटो होता. “कटाईला खूप टाइम आहे. असा कोवळा घड कोण तोडतो, सर? फोटोसाठीच तोडलाय.”

तृप्तीने घडाकडे पाहिलं. धारा स्पष्ट होत्या. त्या संध्याकाळी तिने ऊन पाहिलं होतं, सावली पाहिली होती, वडिलांच्या कपाळावरचा घामही पाहिला होता; घड तेवढा पाहिला नव्हता. केळीच्या बागेत वाढलेल्या आपल्याला हे दिसू नये याची तिला आधी लाज वाटली, मग भीती. ती उठली आणि कारण नसताना पुन्हा बसली.

“नियम सगळ्यांना ठाऊक आहे,” सर म्हणाले. ते कठोर नव्हते. त्यांना फक्त वीज जाण्याआधी निकाल लावायचा होता. “या गटात जे आपोआप घडलं तेच चालतं. फोटोसाठी घडवून आणलं असेल, तर फोटो बाद. तृप्ती, तू त्यांना घड तोडायला सांगितलंस?”

“नाही, सर.”

“तो फिर काकांनाच विचारा ना. इथेच तर बसेल आहेत,” योगेंद्र म्हणाला.

खुर्च्या कुरकुरल्या. तृप्तीनेही मागे वळून पाहिलं. वडिलांना काय खुणवावं हे तिला कळेना: खरं सांगा म्हणून, की काहीच सांगू नका म्हणून.

लीलाधर उभे राहिले.

“काका, हा घड का तोडला तुम्ही?” सरांनी विचारलं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“हवा आली होती साहेब. झाड आडवं झालं. आडव्या झाडाचा घड ठेवून काय करू? उचलला अन् चाललो घरी. तेवढ्यात हिनं फोटो काढून घेतला. मला तर मालूमच नाही.”

“योगेंद्रभाऊ, तुमच्या गोदामात हवा येत नाही वाटतं!” कोणीतरी म्हणालं. हशा झाला. सरांनी मान डोलावून पेन उचललं.

त्या दिवशी बागेतलं पानही हललं नव्हतं. वडिलांना चारचौघांत खोटं बोलताना तृप्तीने कधी ऐकलं नव्हतं, आणि आज ते इतक्या सफाईने बोलले होते की ऐकणाऱ्यांना शंकाही आली नव्हती. याचंच तिला अधिक वाईट वाटलं. त्यापेक्षा दोष आपल्यावर आलेला बरा.

“सर, हवा नव्हती.” आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “मीच त्यांना सांगितलं होतं, घड तोडा म्हणून. बाबा मला सांभाळून घेऊन राहिले.”

“पोरगी खोटं बोलून राहिली साहेब!” लीलाधर खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले. “तिनं असं काहीच नाही सांगितलं. माझी पोरगी अशी नाही.”

“बाबा, तुम्ही बसा ना.”

“तू बस!”

सरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

“काका, मी कोणाचं मानू? हवा आली होती की नव्हती?”

“नव्हती,” लीलाधर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “पण ‘तोडा’ असं नाही म्हटलं तिनं. ती म्हणली, बाबा, तुम्ही तुमचं काम करा, माझ्याकडे पाहू नका. पूर्ण लगनसराई पोरगी घरी आली नव्हती साहेब. आली, तर म्हणे पाहू नका.”

त्यांनी पडद्यावरच्या घडाकडे बोट केलं.

“बागेत त्या दिवशी काहीच काम नव्हतं. मग काढलं एक.”